हॉस्पिटलचं नेटवर्क अपग्रेड करायची वेळ आलीय का, हे ठरवायचं कसं?

आयटी_सोलापूर

नमस्कार मंडळी. सोलापूर जिल्ह्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलचं आयटी मी बघतो. १२० बेड, दोन बिल्डिंग. जुनी बिल्डिंग २०११ ची, तिथे ओपीडी, बिलिंग, लॅब, आणि एचआयएस (हॉस्पिटलचं नोंदी-बिलिंगचं सॉफ्टवेअर) आणि पॅक्स (एक्स-रे, सीटीच्या इमेज साठवणारी सिस्टीम) यांचे सर्व्हरपण तिथेच. मागची नवीन बिल्डिंग २०१८ ची, तिथे रेडिओलॉजी, आयसीयू, ओटी आणि सिक्युरिटी रूम. पीसी सगळे मिळून नव्वदच्या आसपास. जुन्या बिल्डिंगमध्ये कॅट ५ई वायर आणि मजल्यामजल्यावर साधे १०/१०० चे (जास्तीत जास्त १०० एमबीपीएस) अनमॅनेज्ड स्विच (ज्यांच्यात सेटिंग, नोंदी काही नसतात), एकातून दुसऱ्यात दुसऱ्यातून तिसऱ्यात असे जोडलेले. नवीन बिल्डिंगमध्ये गिगाबिट (१००० एमबीपीएस) आहे पण दोन बिल्डिंगच्या मधे एकच तांब्याची केबल गेलीय, आणि ती जुन्या बाजूला १०० च्याच स्विचमध्ये लागते.

गेल्या दिवाळीत ६४ स्लाइसचं सीटी आलं आणि तेव्हापासून तक्रारी वाढल्यात. रेडिओलॉजिस्ट मॅडम म्हणतात जुनी स्टडी (एका तपासणीच्या सगळ्या इमेज) ओपन करायला घेतली की वाट बघत बसावं लागतं. बिलिंग काउंटर सकाळी १० ते १ मधे हँग होतं, बाहेर रांग लागते. आणि जनआरोग्य योजनेचा डेस्क म्हणतो की पोर्टलवर कागदपत्रं अपलोड करताना अर्ध्यात फेल होतात, प्रीऑथ (उपचाराची आगाऊ मंजुरी) लटकून राहतं आणि पेशंटचे नातेवाईक आमच्या दारात उभे. सगळ्यांचं वाक्य एकच, "नेटवर्क स्लो आहे".

व्हेंडरला बोलावलं तर त्याने सगळंच बदला म्हणून कोटेशन दिलं, कॅट ६ए वायरिंग, १० गिगचा कोअर (मधला मुख्य स्विच), नवीन फायरवॉल, वाय-फाय ६, एकूण ३४ लाख. एक ट्रस्टी म्हणतात चालतंय ना मग कशाला हात लावायचा, दुसरे म्हणतात एकदाच काय ते करून टाका, परत परत मागायला येऊ नका. पुढच्या महिन्यात मीटिंग आहे आणि मला तिथे उभं राहून सांगायचंय की आत्ता करायचं की नाही आणि करायचं तर किती. ३४ लाख म्हणजे ट्रस्टसाठी दोन डायलिसिस मशीन आणि वर बरंच काही, त्यामुळे मला खरंच नीट ठरवायचंय. तुमच्याकडे हा निर्णय कशावर घेतात?

---

स्विचमास्तर_पुणे

दादा, आधी ते ३४ लाखांचं कोटेशन बाजूला ठेव. तू तीन तक्रारी लिहिल्यास आणि मला तरी वाचताना त्या तीन वेगवेगळ्या जागच्या वाटतायत, सगळ्यांनी नाव मात्र नेटवर्कचंच घेतलंय. कुठली वाट नक्की कुठे अडते हे मोजल्याशिवाय एक रुपया खर्च करू नकोस.

सीटीचं गणित कागदावर होतं बघ. एक स्लाइस ५१२ बाय ५१२ पिक्सेलची, प्रत्येक पिक्सेलला २ बाइट, म्हणजे अर्धा एमबी. हजार स्लाइसची स्टडी म्हणजे ५०० एमबी. १०० एमबीपीएसच्या लिंकवर प्रत्यक्षात सेकंदाला ११-१२ एमबी जातात, म्हणजे बाकी कोणीही लाइन वापरत नसताना ४०-४५ सेकंद. गिगाबिटवर तेच ५ सेकंदाच्या आत. आणि कॉन्ट्रास्टची मल्टिफेज स्टडी असली, शेजारी तुलनेला जुनी उघडली, की हे सगळं दुप्पट-तिप्पट. त्यामुळे मॅडमची तक्रार खरी असणार यात मला शंका नाही.

पण त्याच लिंकवर अजून काय चाललंय ते बघ. कॅमेरे किती आणि एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) कुठे? २ मेगापिक्सेलचा कॅमेरा साधारण ४ एमबीपीएस धरतात. एनव्हीआर सिक्युरिटी रूममध्ये म्हणजे नवीन बिल्डिंगमध्ये असेल तर जुन्या बिल्डिंगमधले सगळे कॅमेरे रात्रंदिवस त्या एकाच केबलवरून जातायत, आणि लक्षात घे, स्विचची लिंक फुल डुप्लेक्स असते, म्हणजे जाण्याची आणि येण्याची वाट वेगळी, पण पॅक्समधून मॅडमकडे येणारा डेटा आणि कॅमेऱ्यांचा डेटा दोन्ही एकाच दिशेने चाललेत. १८ कॅमेरे धरले तरी ७२ एमबीपीएस तिथेच गेले, उरलेल्या २८ मध्ये सीटी.

मोजायचं असं. दोन लॅपटॉप घे, दोन्हीवर आयपर्फ (लिंकचा वेग मोजणारं सॉफ्टवेअर) टाक, एक सर्व्हरच्या शेजारी आणि एक रेडिओलॉजीत, आणि दोन्ही दिशांनी चालव, नुसतं एका दिशेने नाही. मग पॅक्स सर्व्हरवरून एक मोठी फाइल कॉपी करून बघ. आयपर्फ चांगला आकडा देतोय पण फाइल कॉपी रडतेय असं झालं तर दोष डिस्कचा, नेटवर्कचा नाही, तिथे १० गिगचा कोअर टाकून काहीही बदलणार नाही. अनमॅनेज्ड स्विच तुला काही सांगणार नाही, म्हणून त्या मधल्या लिंकवर एक छोटा मॅनेज्ड स्विच लाव, कोणाकडून तरी आठवड्याला मागून आण, आणि लिब्रेएनएमएस किंवा पीआरटीजी (१०० सेन्सरपर्यंत फुकट आहे) अशा, लिंक किती भरते हे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर ग्राफ काढ. पाच मिनिटांच्या सरासरीवर जाऊ नकोस फक्त, दहा सेकंदाचा दणका त्यात दिसतच नाही. पोर्टवरचे सीआरसी एरर (वाटेत बिघडलेल्या डेटाची मोजणी) पण बघ, ते वाढत असतील तर केबल किंवा क्रिंपिंग (टोकाला कनेक्टर बसवलेला) गेलंय.

जनआरोग्यच्या पोर्टलचं म्हणशील तर तो इंटरनेटच्या अपलोडचा विषय आहे, आतल्या वायरचा नाही. फेल होतंय त्याच वेळी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून तीच फाइल अपलोड करून बघ. तिथेपण अडकली तर पोर्टलच त्या वेळी मंद आहे. हॉटस्पॉटवरून गेली तर तुमच्या इंटरनेट लाइनकडे बघायचं.

---

पॅक्सवाली_मीरा

वरचं सगळं बरोबर आहे पण स्पीड हे अपग्रेडचं एकच कारण आहे आणि माझ्या मते हॉस्पिटलमध्ये ते दुसऱ्या नंबरचं कारण आहे. मी बायोमेडिकलमध्ये आहे, मशीनच्या कन्सोलशी रोजचा संबंध, म्हणून जरा लांबवर लिहिते.

सर, एक यादी करा की तुमच्या नेटवर्कवर कोणकोणतं असं काही चालतंय ज्याला आता कंपनीचा सपोर्टच नाही. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला, सर्व्हर २०१२ आर२ चा १० ऑक्टोबर २०२३ ला. तुमचं एचआयएस जुनं असेल तर मला दाट शंका आहे की ते याच सर्व्हरवर बसलंय. आणि एक्स-रेचा कन्सोल, लॅबच्या अॅनालायझरचा पीसी, हे तर तुम्ही मनाने अपडेट करूच शकत नाही, मशीनची कंपनी परवानगी देत नाही, वॉरंटी आणि कॅलिब्रेशनचा प्रश्न येतो. म्हणजे ते पीसी जुनेच राहणार हे धरून चाला आणि त्यांना बाकीच्यांपासून वेगळं ठेवा. अनमॅनेज्ड स्विचवर हे होत नाही. तिथे रिसेप्शनचा पीसी, पेशंटचं फुकट वाय-फाय, कॅमेरे, सीटी, सगळे एकाच खोलीत बसल्यासारखे आहेत, एकाला लागण झाली की सगळ्यांना.

हे भीती घालायला सांगत नाहीये. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं तेव्हा इंग्लंडमधल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, म्हणजे एनएचएसच्या, २३६ पैकी किमान ८० ट्रस्टना (हॉस्पिटलं वगैरे चालवणाऱ्या संस्थांना) त्याचा फटका बसला होता. आपल्याकडे नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर रॅन्समवेअरने बंद पडले, कितीतरी दिवस ओपीडी, लॅब सगळं हाताने लिहून चालवावं लागलं, आणि सरकारने नंतर संसदेत जे उत्तर दिलं त्यात नेटवर्कचे भाग नीट वेगळे केलेले नव्हते हे कारण स्पष्ट सांगितलंय. एम्ससारख्या ठिकाणी, तर आपलं काय. शिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश आहे, असा प्रकार झाला तर सहा तासांत कळवायचं आणि लॉग (कोण कधी कुठे जोडलं याच्या नोंदी) १८० दिवस जपायचे. तुमच्या आत्ताच्या स्विचकडे लॉग नावाची गोष्टच नाही, कळवणार काय आणि दाखवणार काय?

त्यामुळे मॅनेज्ड स्विच, व्हीलॅन (त्याच स्विचवर एकमेकांपासून वेगळी नेटवर्क पाडणं) आणि सपोर्ट चालू असलेली फायरवॉल यासाठी ग्राफची वाट बघू नका, ती वेळ येऊन गेलीय. १० गिग, वाय-फाय ६ यासाठी मात्र खुशाल थांबा आणि मोजा.

एक कळकळीची विनंती, आयसीयूतल्या मॉनिटरचं सेंट्रल स्टेशनचं नेटवर्क बहुतेक वेळा मॉनिटरच्या कंपनीने वेगळं टाकलेलं असतं. व्हेंडरच्या माणसांना त्याला हात लावू देऊ नका. त्या स्विचवर मोठ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवा. एकाच रॅकमध्ये असले की घाईत कोणीतरी वायर काढतं आणि नर्सिंग स्टेशनला अलार्मच येत नाही.

---

तारजोडणी_नांदेड

मी केबलिंगची कामं करतो त्यामुळे वायरबद्दलच बोलतो.

कॅट ५ई काढून टाकायची अजिबात गरज नाही भाऊ. कॅट ५ई वर १०० मीटरपर्यंत गिगाबिट चालतं, तेवढ्यासाठीच ती बनलीय. नव्वद पीसीपैकी बिलिंगच्या आणि वॉर्डातल्या पीसीला १० गिग कधीच लागणार नाही. चालू हॉस्पिटलमध्ये सीलिंग उघडून भिंती फोडून नवीन वायर टाकायची म्हणजे धूळ, पेशंट, इन्फेक्शन कंट्रोलवाल्या सिस्टर ओरडणार, आणि कोटेशनमधली मोठी रक्कम तिथेच असते. त्याऐवजी चांगल्या सर्टिफायिंग टेस्टरने पॉइंट टेस्ट करून घ्या, भाड्याने मिळतो किंवा पॉइंटमागे पैसे घेऊन करून देतात, रिपोर्ट हातात येतो. जे पॉइंट नापास तेवढेच बदला.

फक्त एक तपासा, वायर खरी तांब्याची आहे का. पुष्कळ ठिकाणी सीसीए मारलेली असते, वरून तांबं आणि आत अॅल्युमिनियम. ब्लेडने तार खरवडा, आत पांढरी चंदेरी दिसली की समजा. त्यावर डेटा कसाबसा जातो पण पीओईवर (नेटवर्कच्या वायरमधूनच वीज देऊन) कॅमेरा किंवा अॅक्सेस पॉइंट (वाय-फायचा डबा) चालवला की लांबच्या टोकाला व्होल्टेज पडतं, वायर गरम होते, रात्री आयआर (अंधारात बघायचा कॅमेऱ्याचा दिवा) चालू झाला की कॅमेरा रीस्टार्ट होतो. तुमचे कॅमेरे रात्री बंद-चालू होत असतील तर हे आधी बघा.

आणि दोन बिल्डिंगच्या मधली तांब्याची केबल, ही मला सगळ्यात जास्त खटकली. आपल्याकडे मे महिन्यात वळवाचा पाऊस आला की काय विजा पडतात तुम्हाला माहीत आहे. दोन बिल्डिंगची अर्थिंग वेगळी, मधे तांबं, जवळपास वीज पडली की एका बाजूचा स्विच आणि त्याच्यामागे सर्व्हरचं नेटवर्क कार्ड जातं. फायबरमधून करंट जात नाही. बाकी काही मंजूर होवो न होवो, ती केबल काढून पाइपमधून सिंगल मोड फायबर टाका, चारऐवजी बारा कोरची टाका, फरक फार नसतो, खोदाई एकदाच होते. हे मे च्या आत करा.

वाय-फाय ६ चं म्हणाल तर पेशंटच्या नातेवाइकांसाठी त्याची घाई नाही. डॉक्टर राउंडला टॅब घेऊन फिरणार असतील तर वेगळं. आणि तेव्हाही आधी जागा बघा, एक्स-रे सीटीच्या भिंतीत शिसं असतं, तिथून सिग्नल जात नाही, नवीन अॅक्सेस पॉइंट जुन्याच चुकीच्या जागी लावून काही उपयोग नाही.

---

जमाखर्च_सातारा

मी आयटीतली नाही, एका शिक्षणसंस्थेच्या ट्रस्टमध्ये हिशेब बघते, पण असे प्रस्ताव माझ्याच टेबलावरून जातात म्हणून वेगळी बाजू मांडते. "मोजा आणि थांबा" हे ऐकायला बरं वाटतं पण प्रत्यक्षात काय होतं, दरवर्षी थोडं थोडं घेतलं जातं, पाच वर्षांनी पाच कंपन्यांचे पाच प्रकारचे स्विच, पाच एएमसी (वार्षिक देखभाल करार), आणि ज्या मुलाला सगळं माहीत होतं तो नोकरी सोडून पुण्याला गेलेला. टप्प्याटप्प्याने करा पण आराखडा एकच पाहिजे आणि तो पहिल्याच मीटिंगला मंजूर करून घ्या.

ट्रस्टींना तारखा आणि रक्कम कळते, एमबीपीएस कळत नाही. त्यांच्यासमोर एक रजिस्टर ठेवा, प्रत्येक वस्तू कधी घेतली, कितीला घेतली, कंपनीचा सपोर्ट कधी संपतो. वायरिंग चांगली असली तर १५-२० वर्षं जाते, स्विच ७-८, अॅक्सेस पॉइंट ५ च्या आसपास, आणि फायरवॉल तिच्या लायसन्सवर. हे अंदाज आहेत, पण यावरून पुढच्या पाच वर्षांत कुठल्या वर्षी किती लागणार हे दिसतं आणि मग कोणी "अचानक पैसे मागता" असं म्हणत नाही. आणि ठरावात निकष लिहूनच घ्या, म्हणजे अमुक लिंक अमुक इतकी भरली किंवा अमुक तारखेला सपोर्ट संपला की पुढचा टप्पा आपोआप बोर्डापुढे येईल. नाहीतर दर वेळी पहिल्यापासून वाद.

कोटेशन तीन घ्या आणि तिघांना वस्तूंची यादी तुम्ही द्या, त्यांची त्यांना करू देऊ नका, नाहीतर तुलनाच होत नाही. फायरवॉलच्या पहिल्या किमतीवर जाऊ नका, तीन वर्षांच्या लायसन्सचं रिन्युअल आत्ताच लेखी मागा, खरा खर्च तिथे लपलेला असतो, मी दर वेळी हेच बघते. आणि "चालतंय ना" म्हणणाऱ्या ट्रस्टींना बिलिंग एक तास बंद राहिलं तर किती पावत्या अडतात, किती डिस्चार्ज संध्याकाळवर जातात एवढं काढून दाखवा. डिस्चार्ज लांबला की बेड रिकामा होत नाही आणि कॅज्युअल्टीतला पेशंट वर जात नाही, हे त्यांना लगेच समजतं.

---

आयटी_सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. सगळं करून बघितलं, आकडे देतो.

नवीन बिल्डिंगच्या आत आयपर्फ ९४० एमबीपीएसच्या आसपास देतो. जुन्या बिल्डिंगमधून नवीनकडे दिवसा २० ते २५, उलट दिशेने मात्र ९० च्या वर. रात्री सिक्युरिटीला सांगून, तेवढ्या वेळासाठी माणूस उभा करून, जुन्या बिल्डिंगचे कॅमेरे दहा मिनिटं लिंकवरून काढले तर दोन्हीकडून ९४. म्हणजे मास्तर म्हणाले तसंच, एनव्हीआर नवीन बिल्डिंगमध्येच आहे आणि कॅमेऱ्यांनी ती दिशा खाल्लीय. पॅक्सची डिस्क व्यवस्थित आहे.

बिलिंगचं नेटवर्कशी काहीच नाही निघालं. काउंटर ते सर्व्हर लिंक १० ते १ मधेपण रिकामी असते, सर्व्हरची रॅम मात्र त्या वेळेला पूर्ण भरलेली आणि डेटाबेस डिस्कवर ढकलतोय. आणि मीरा ताई, तुमची शंका खरी, सर्व्हर २०१२ आर२ च आहे. म्हणजे तिथे स्विच नाही, सर्व्हर बदलायचाय.

जनआरोग्यचं तर हॉटस्पॉटवरून पहिल्या फटक्यात गेलं. शोधल्यावर कळलं की क्लाउड बॅकअप लावून देणाऱ्या एजन्सीने त्याची वेळ सकाळी साडेदहा ठेवली होती, अपलोड सगळा तोच घेत होता. रात्री दोनवर टाकला, त्यावर वेगाची मर्यादा घातली, डेस्कवरच्या ताईंनी दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन सांगितलं की आता जातंय. याला एक पैसा लागला नाही.

वायर टेस्ट करून घेतली, बहुतेक पॉइंट पास, नापास झालेले सगळे तळमजल्यावर ओलीच्या भिंतीतले. वायर खरी तांब्याची आहे.

आता मीटिंगला असं मांडतोय, पहिला टप्पा फायबर, जुन्या बिल्डिंगचे सगळे स्विच मॅनेज्ड गिगाबिट, व्हीलॅन, फायरवॉल तीन वर्षांच्या लायसन्ससकट, साधारण साडेसहा लाख. एचआयएसचा सर्व्हर वेगळा विषय म्हणून त्याच मीटिंगला. वाय-फाय पुढच्या वर्षी, १० गिग निकष गाठला की. हा निकष काय लिहू? आणि चालू हॉस्पिटलमध्ये बदलायचं कसं?

---

स्विचमास्तर_पुणे

एकदम बरोबर मांडलंयस. निकष असा लिही, सर्व्हरची लिंक कामाच्या वेळेत सलग काही आठवडे ६०-७० टक्क्यांच्या वर राहायला लागली, किंवा दुसरं मोठं मशीन, म्हणजे एमआरआय किंवा कॅथलॅब, घ्यायचं ठरलं, यातलं जे आधी होईल ते. मशीनची ऑर्डर देतानाच नेटवर्कचा खर्च त्यात धरायचा, मशीन आल्यावर नाही. आणि आत्ता घेताना असेच स्विच घे ज्यांना एसएफपी प्लसचे (फायबरचं मॉड्यूल बसणारे, १० गिगपर्यंत चालणारे) अपलिंक पोर्ट आहेत, आज त्यात १ गिगचं मॉड्यूल लाव, उद्या फक्त मॉड्यूल बदललं की १० गिग, फायबर तीच. त्यामुळे "परत परत मागू नका" म्हणणाऱ्या ट्रस्टींनापण उत्तर मिळतं.

बदलताना पहिल्यांदा फायबर टाकून तिच्यावर लिंक हलव, जुनी केबल आठवडाभर तशीच राहू दे पण प्लग काढून, दोन्ही एकदम लागल्या की लूप (डेटा गोल गोल फिरत राहणं) होईल आणि अनमॅनेज्ड स्विचमध्ये लूप थांबवायला काहीच नसतं, सगळं हॉस्पिटल बसेल. मग रविवारी रात्री एक मजला, एकाच रात्री सगळे मजले नाही. जुना स्विच त्याच रॅकमध्ये तयार ठेव. त्या रात्री कॅज्युअल्टी आणि लॅबला छापील फॉर्म आधीच देऊन ठेव, आरएमओला आणि नाइट सिस्टरना वेळ सांग.

---

पॅक्सवाली_मीरा

यात एक भर. व्हीलॅन केले की पॅक्सचा आयपी बदलणार असेल तर सीटी, एक्स-रे, सोनोग्राफी या सगळ्या कन्सोलवर पॅक्सचा पत्ता बदलावा लागतो, आयपी, पोर्ट आणि एई टायटल (इमेज पाठवताना-घेताना यंत्रणा एकमेकांना ओळखतात ते नाव) तिन्ही जुळायला पाहिजेत, आणि सीटीच्या कन्सोलवर ते त्यांचा सर्व्हिस इंजिनिअरच करतो. तो सोलापूरला राहत नसेल तर आजच कॉल लॉग करा आणि तारीख त्याच्या सोयीने ठरवा. शक्य असेल तर पॅक्सचा आयपी आहे तोच ठेवून बाकीच्यांचे बदला, ते सगळ्यात सोपं. आणि बदल झाल्यावर रात्रीच प्रत्येक मशीनवरून एक टेस्ट इमेज पाठवून पॅक्समध्ये आलेली स्वतःच्या डोळ्यांनी बघा, सकाळी पहिला ट्रॉमाचा पेशंट टेबलावर असताना नको.